क्रीडांगण : गोल्फचा हिशेब आणि घरांतील शांतता

गोल्फचा खेळ मैदानावर सुमारें चार तास चालतो. पण कित्येक घरांत तो त्यानंतरही रविवार मावळेपर्यंत चालूंच असतो. पहांटे मोठ्या उत्साहानें बाहेर पडलेले गृहस्थ दहा-साडेदहाच्या सुमारास परत येतात ते कपाळावर आंठ्या घेऊन. चहा गार कां, वर्तमानपत्र कोणी चुरगाळलें, मुलें एवढीं ओरडतात कशाला, अशा तक्रारी सुरू झाल्या कीं घरच्या मंडळींनीं खुशाल समजावें, आज कोठेंतरी चार फुटांचा टोला हुकला आहे. ज्या खेळानें मनाला विसांवा मिळावयाचा तोच घरांत अशांति आणूं लागला, तर त्याचा विचार खेळणारानें एकट्यानें न करतां सर्व कुटुंबानें करणें योग्य होय. म्हणून ह्या महिन्यांत आम्ही गोल्फमधील सुधारणेविषयीं जें लिहिणार आहों, तें जितकें खेळाडूसाठीं तितकेंच त्याच्या घरच्यांसाठींही आहे.

ज्यांचा ह्या खेळाशीं परिचय नाहीं त्यांच्यासाठीं आरंभीं दोन शब्द. गोट्यांच्या खेळांत जशी गल असते तशी जमिनींत एक गल. तिचा व्यास १०८ मिलिमीटर. चेंडूचा व्यास ४२.६७ मिलिमीटरांहून कमी नसावा, आणि वजन ४५.९३ ग्रॅमांहून अधिक नसावें. कोठें दीडशे तर कोठें पांचशे वारांवरून काठीनें मारीत मारीत हा चेंडू गलींत घालावयाचा. अशा एका टप्प्यास 'होल' म्हणतात, आणि अठरा होल झालीं म्हणजे एक फेरी पुरी होते. निष्णात खेळाडूस प्रत्येक होलला किती टोले लागावे हें ठरलेलें असतें, तो 'पार'. अठरांचा मिळून पार बहुधा ७० ते ७२ असतो. पारहून एक टोला अधिक लागला तर 'बोगी', दोन अधिक लागले तर 'दुहेरी बोगी', एक कमी लागला तर 'बर्डी'. गलीभोंवतीं गवत अगदीं बारीक कापलेलें असतें ती हिरवळ, आणि तेथें चेंडू हलकेच ढकलण्याचा जो टोला तो 'पट'. एवढ्या सामग्रीवर घरांतील कोणासही पुढील विवेचन समजण्यास अडचण पडूं नये.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. खेळाडू चिडतो कां? टोला चुकला म्हणून, असें उत्तर कोणीही देईल. परंतु तें अपुरें आहे. मनुष्य चुकीनें चिडत नाहीं. जी चूक आपल्याकडून व्हावयास नको होती अशी त्याची समजूत असते, तिनें तो चिडतो. तेव्हां पाहावयाचें तें हें कीं, ती समजूत कितपत बरोबर आहे.

सुदैवानें ह्या बाबतींत आतां नुसत्या तर्कावर विसंबण्याचें कारण उरलेलें नाहीं. न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठांतील प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनीं अमेरिकेंतील व्यावसायिक खेळाडूंच्या लक्षावधि टोल्यांच्या नोंदी तपासून २०१४ सालीं एक पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांतील आंकडे पाहण्यासारखे आहेत. जगांतील उत्तमोत्तम व्यावसायिक खेळाडू आठ फुटांवरून पट मारतात तेव्हां तो शंभरांत सुमारें पन्नास वेळांच गलींत पडतो. दहा फुटांवरून हें प्रमाण शेंकडा चाळीस, वीस फुटांवरून पंधरा, आणि तीस फुटांवरून अवघें सात. ज्यांचा चरितार्थ ह्याच कौशल्यावर चालतो, ज्यांनीं लहानपणापासून दुसरें कांहीं केलें नाहीं, त्यांची ही कथा! ज्याची फेरी नव्वद टोल्यांत आटोपते अशा हौशी खेळाडूचें निम्मे यश पांच फुटांच्या आसपासच संपतें. मग आठ फुटांचा पट हुकला म्हणून घरीं येऊन आदळआपट करणारानें कोणत्या आधारावर तो हक्क सांगावा?

आपली अपेक्षा अशी अवाजवी होण्यास दूरचित्रवाणीही कारण आहे. स्पर्धेचा सारांश दाखवितांना हुकलेला पट कोण दाखवील? तीस फुटांवरून गलींत गेलेला चेंडू मात्र चार वेळां दाखविला जातो. पाहणाराच्या मनांत नकळत असें ठसतें कीं, मोठ्या खेळाडूंचे सारे चेंडू गलींतच जातात. ज्यानें लग्नाचे फोटोच तेवढे पाहिले त्याला संसार सदा हंसतमुखच वाटणार.

दुसरा भ्रम टोले नेमके कोठें वायां जातात ह्याविषयींचा आहे. जुन्या गोल्फपटूंत असें मानीत कीं, लांब टोला हा केवळ लोकांना दाखविण्यासाठीं, आणि खरी कमाई पटावर. ब्रॉडी यांच्या हिशेबानें हा समज बराचसा खोटा ठरला. नव्वदांत फेरी खेळणारा हौशी आणि कसलेला व्यावसायिक यांच्यांत जो फरक आहे, त्याचा सुमारें दोन-तृतीयांश भाग शंभर वारांपलीकडून मारलेल्या टोल्यांत असतो; हिरवळीवर व तिच्या आसपास मिळून उरलेला एक-तृतीयांश. अग्रगण्य व्यावसायिकांची इतर व्यावसायिकांवर जी सरशी होते, तिच्यांतही हिरवळीकडे मारावयाच्या टोल्याचा वांटा सर्वांत मोठा, म्हणजे शेंकडा चाळीसांच्या घरांत आहे. पटाचा वांटा पंधरा. ह्याचा अर्थ पटाकडे दुर्लक्ष करावें असा नव्हे. अर्थ एवढाच कीं, जो दोष लांबच्या टोल्यांत आहे त्याचें खापर पटावर फोडून रोग बरा होणार नाहीं.

ह्या हिशेबास धरून सरावाची दिशा ठरवावी. प्रथम काठी धरण्याची पद्धति. सहा वेळां ओपन स्पर्धा जिंकणारे हॅरी वार्डन यांच्या नांवानें ओळखली जाणारी पकड आजही बहुसंख्य खेळाडू वापरतात. उजव्या हाताची करंगळी डाव्या हाताच्या बोटांवर टेंकावयाची, जेणेंकरून दोन हात एकजीव होतील. हात लहान असल्यास दोन्ही बोटें एकमेकांत गुंतवावीं, किंवा दहाही बोटें दांड्यावर ठेवावीं. त्यांत कमीपणा कांहींच नाहीं. पकड घट्ट आंवळूं नये, कारण आंवळलेल्या मुठीनें खांदे ताठ होतात आणि काठीचा वेग मरतो.

दुसरी गोष्ट दिशेची. उजव्या हातानें खेळणाऱ्या नवशिक्यांचा चेंडू बहुधा उजवीकडे वळत जातो. त्यावर तो स्वतःच एक उपाय योजतो : अधिकाधिक डावीकडे तोंड करून उभा राहतो. ह्या उपायानें रोग बळावतो, आणि त्याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. चेंडू सुटतो तो मुख्यतः काठीचें तोंड जिकडे असेल त्या दिशेनें, आणि वळतो तो काठीच्या तोंडाची दिशा व काठीच्या गतीची दिशा यांतील फरकामुळें. जुन्या पुस्तकांत ह्याच्या उलट शिकविलेलें आढळतें. रडारयंत्रांनीं केलेल्या मोजणीमुळें तें चुकीचें ठरलें. उभें राहण्याची दिशा डावीकडे नेली म्हणजे काठीही डावीकडे ओढली जाते, तोंड मात्र सवयीनें निशाणाकडेच राहतें. फरक वाढतो आणि चेंडू आणखीच वळतो. म्हणून प्रथम दोन काठ्या जमिनीवर रुळांसारख्या समांतर ठेवाव्या. एक निशाणाच्या रेषेंत, दुसरी पावलांशीं. आणि महिनाभर उभें राहण्याचाच अभ्यास करावा. नंतर काठीचें तोंड सुधारावें. उपाय रुक्ष आहे, पण गुणकारी आहे.

तिसरी गोष्ट काठीच्या निवडीची, आणि हिला सरावाची नव्हे तर नम्रतेची गरज आहे. हौशी खेळाडूचे हिरवळीकडील टोले पलीकडे जाण्यापेक्षां अलीकडेच अधिक पडतात. ह्याचें कारण असें कीं, सात क्रमांकाच्या काठीनें आयुष्यांत जो सर्वांत लांब टोला साधला, तोच आपला नेहमींचा टोला असें तो धरून चालतो. एक क्रमांक लांब पल्ल्याची काठी घ्यावी, निशाणाऐवजीं हिरवळीच्या मध्यावर नेम धरावा, आणि ज्या बाजूस पाणी किंवा वाळूचा खड्डा असेल तिच्या विरुद्ध बाजूस चुकण्याची तयारी ठेवावी. नवीन कांहींही न शिकतां फेरींतील दोन-तीन टोले ह्या एका शहाणपणानें वांचतात.

पटाचा सराव घरींही होतो, आणि त्यांत मुलांस व सुनांसही सामील करून घेतां येतें. सतरंजीवर तीन फुटांवरून सलग दहा चेंडू लहान वाटींत घालण्याची पैज लावावी. मैदानावर मात्र लांबच्या पटांत गल साधण्याचा हट्ट सोडून अंतर साधण्याकडे लक्ष द्यावें; तीस फुटांवरून चेंडू गलीजवळ थांबला कीं दुसरा पट सोपा होतो. मोठमोठे व्यावसायिक सुद्धां सुमारें तेहतीस फुटांवरून सरासरी दोन पट घेतात, हें ध्यानांत असावें.

आतां 'हॅंडिकॅप'विषयीं. आमच्या मतें गोल्फचें खरें वैभव ह्याच व्यवस्थेंत आहे, आणि एकत्र कुटुंबास तिचें महत्त्व विशेष वाटावें. जगांतील निरनिराळ्या पद्धति मोडून २०२० सालीं एकच जागतिक पद्धति सुरू झाली. तिच्याप्रमाणें खेळाडूच्या शेवटच्या वीस फेऱ्यांपैकीं उत्तम आठ घेऊन, मैदानाच्या काठिण्याचा हिशेब करून, त्यांच्या सरासरीवरून त्याचा अंक ठरतो. समजा, आजोबांस एखाद्या मैदानावर २० टोल्यांची सवलत आहे आणि नातवास ८ टोल्यांची. दोघांचा सामना झाला तर फरक १२ टोल्यांचा. मैदानावरील बारा अधिक अवघड होलवर आजोबांस प्रत्येकीं एक टोला माफ. मग सत्तरीचे आजोबा आणि विशींतला नातू खऱ्या चुरशीनें खेळूं शकतात. कोणी कोणास मुद्दाम जिंकूं देण्याचें नाटक करावें लागत नाहीं. असमान शक्तीच्या माणसांस एका पंक्तीस बसविणारी अशी सोय दुसऱ्या फारच थोड्या खेळांत आढळेल.

पण नीट पाहा : वीसांपैकीं आठच फेऱ्या घेतात, आणि त्याही उत्तम. म्हणजे हा अंक आपली सरासरी सांगत नाहीं. आपण चांगले खेळलों तर काय करूं शकतों तें सांगतो. त्या अंकाबरहुकूम खेळ चार-पांच फेऱ्यांत एखाद्याच वेळीं होतो. उरलेल्या फेऱ्या त्याहून वाईट जावयाच्याच. रविवारच्या संतापाचें मूळ बहुतेक ह्या गैरसमजांत आहे. ज्यास आपण 'आज खेळ बिघडला' म्हणतों, तो बहुधा नेहमींचाच खेळ असतो.

ह्या व्यवस्थेचा पाया मात्र सत्य हाच आहे. पंच प्रत्येकाच्या मागें फिरत नाहीं. आपले टोले आपणच मोजावयाचे आणि दंडही आपणच सांगावयाचा. १९२५ सालच्या अमेरिकन ओपन स्पर्धेंत बॉबी जोन्स यांचा चेंडू, टोला मारण्यापूर्वीं काठी गवताला लागून, किंचित् हलला. दुसऱ्या कोणाच्याही तें दृष्टीस पडलें नव्हतें. त्यांनीं स्वतःवर एक टोल्याचा दंड लावून घेतला. चार फेऱ्यांअखेर ते आणि विली मॅकफार्लेन बरोबरींत आले, आणि फेरसामन्यांत जोन्स एका टोल्यानें हरले. तो एक टोला त्यांनीं दडविला असता तर स्पर्धा त्यांचीच होती. हॅंडिकॅप वाढवून बक्षिसें मिळवावीं म्हणून चांगल्या फेऱ्या न नोंदणारे, आणि प्रतिष्ठेसाठीं वाईट फेऱ्या लपविणारे, असे दोन्ही प्रकारचे लोक क्लबांत आढळतात. नातू बरोबर खेळत असेल तर त्याच्यासमोर कार्डावर कोणता आंकडा लिहिला जातो, ह्याचें मोल कोणत्याही चषकाहून अधिक आहे.

व्यावसायिक स्पर्धांचा हंगाम पाहावा कसा, हें आतां थोडक्यांत सांगतों. पुरुषांच्या चार प्रमुख स्पर्धा : एप्रिलमध्यें ऑगस्टा येथील मास्टर्स, मेमध्यें पीजीए, जूनमध्यें अमेरिकन ओपन, आणि जुलैमध्यें ब्रिटिश बेटांवरील ओपन. ह्यांपैकीं मास्टर्स तेवढी दर वर्षीं एकाच मैदानावर होते. तिची अखेरची फेरी आपल्याकडे सोमवारीं पहांटे साडेचारच्या सुमारास संपते. ती रात्रभर जागून पाहण्यापेक्षां दुसऱ्या दिवशीं पाहणें प्रकृतीस व कचेरीस दोहोंसही हितावह. ओपनची अखेरची फेरी मात्र रात्रीं अकराच्या सुमारास आटोपते. ती जेवणानंतर सर्वांनीं मिळून पाहण्याजोगी आहे.

पाहतांना आघाडीवर कोण हें क्षणोक्षणीं शोधण्याऐवजीं एकच खेळाडू निवडावा, आणि वहींत त्याचा पहिला टोला कोठें पडला, दुसरा हिरवळीवर कोठें थांबला, पट किती झाले हें टिपीत जावें. चुकल्यानंतरचा टोला तो कसा खेळतो त्याखालीं रेघ ओढावी. २०२५ चा हंगाम ह्या दृष्टीनें मोठा बोधप्रद झाला. मास्टर्सच्या अखेरच्या दिवशीं रोरी मॅकिलरॉय दोन टोल्यांच्या आघाडीनें निघाले, आणि पहिल्याच होलवर दुहेरी बोगी होऊन ती आघाडी गेली. तेराव्या होलवर जवळच्या अंतरावरून मारलेला सोपा टोला ओढ्यांत पडला. अठराव्यावर जिंकून देणारा छोटा पट हुकला. जस्टिन रोझ यांच्याशीं फेरसामना झाला, आणि त्यांत पहिल्याच होलवर बर्डी साधून ते विजयी झाले. संबंध स्पर्धेंत त्यांच्या चार दुहेरी बोग्या झाल्या होत्या. ह्याच मैदानावर २०११ सालीं अखेरच्या दिवशीं चार टोल्यांची आघाडी असतां ८० टोले घेऊन ते कोसळले होते; चौदा वर्षांनीं चारही प्रमुख स्पर्धा जिंकणारे ते सहावे खेळाडू ठरले.

त्याच वर्षीं ओकमॉंट येथील अमेरिकन ओपनमध्यें जे. जे. स्पॉन यांच्या अखेरच्या फेरींतील पहिल्या सहा होलांत पांच बोग्या झाल्या. पावसानें खेळ थांबला. परत आल्यावर त्यांनीं डाव सांवरला, आणि अठराव्या होलवर चौसष्ट फुटांचा पट गलींत घालून स्पर्धा जिंकली. जुलैच्या ओपनमध्यें स्कॉटी शेफलर यांना अखेरच्या दिवशीं आठव्या होलवर दुहेरी बोगी झाली. लगेच नवव्यावर त्यांनीं बर्डी केली, आणि चार टोल्यांनीं विजय मिळविला. चुका तिघांच्याही झाल्या. मात्र एका चुकीचा सूड त्यांनीं पुढच्या टोल्यावर उगवला नाहीं. हीच ती विद्या. आणि ही मैदानावर शिकली तर घरीं आपोआप येते.

आपल्या देशाकडेही पाहावें. इंग्रजी अंमलांत रुजलेला हा खेळ येथें दीर्घकाळ मोजक्याच वर्गाचा राहिला. तरी १९९१ सालीं इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक अली शेर हे आरंभीं दुसऱ्यांच्या पिशव्या वाहणारे कॅडी होते. पिशवी वाहणाऱ्या मुलावर चुकलेल्या टोल्याचा राग काढणारांनीं हें विसरूं नये. पुण्यास जन्मलेले अनिर्बन लाहिरी २०१५ च्या पीजीए स्पर्धेंत संयुक्त पांचवे आले. टोकियोच्या ऑलिंपिक सामन्यांत, २०२१ सालीं, अदिति अशोक हिचें पदक एका टोल्यानें हुकलें आणि ती चौथी आली. टोल्याच्या लांबींत ती बहुतेक प्रतिस्पर्धी स्त्रियांच्या मागें होती. ती उणीव तिनें पटानें भरून काढली. ब्रॉडी यांचा हिशेब हा सर्वसाधारण नियम असून, प्रत्येकानें स्वतःचा हिशेब निराळा मांडावयाचा असतो, हेंही ह्यावरून दिसतें. आणि त्या सामन्यांत तिची पिशवी वाहत होती तिची आई.

तेव्हां खेळणाऱ्या मंडळींस आमची एवढीच सूचना : पुढील पांच फेऱ्यांची वही ठेवा. प्रत्येक वायां गेलेला टोला कोठें गेला तें लिहा. कोणावर चिडलों तेंही लिहा. पांच फेऱ्यांनंतर दोन्ही रकाने शेजारीं ठेवून पाहिलें म्हणजे कशाचा सराव करावयाचा तें कळेल, आणि घरीं कोणाशीं गोड बोलावयाचें राहिलें आहे तेंही कळेल. घरच्या मंडळींस सूचना ही कीं, रविवारीं सकाळीं दार उघडतांना 'आज किती टोले झाले?' असें विचारूं नका. 'एक तरी टोला मनासारखा बसला का?' असें विचारा. सर्वांत वाईट फेरींतही असा एक टोला बहुधा असतोच, आणि त्याची हकीकत सांगतां सांगतां चहा गार झाल्याची तक्रार कोणी करीत नाहीं.